पंधरा मिनिटांचा परदेश

काठमांडूहून परत आल्यावर आम्ही टाकलेल्या फोटोंत सगळ्यात जास्त लाइक मिळाले ते लुंबिनीच्या फोटोला. अशोकस्तंभासमोर आम्ही चौघं, मागं पिंपळ, डिसेंबरचं कोवळं ऊन. खाली कॉमेंटा: ‘काय प्लॅनिंग आहे राव!’, ‘सात हजारांत लुंबिनीपण?’ कागलवाल्यानं प्रत्येक कॉमेंटीला हात जोडलेली चिन्हं टाकून आभार मानले. आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. लुंबिनी आमच्या यादीत नव्हतीच.

यादी मोठी होती, हे मात्र खरं. चार दिवसांच्या सहलीसाठी आम्ही सात आठवडे खपलो. साल २०२२. कोल्हापुरातल्या होस्टेलची एक खोली आणि माणसं चार. कागलवाला खजिनदार, कारण त्याच्याच वहीत समास आखलेला असायचा. गडहिंग्लजवाला माळकरी, त्यामुळं जेवणखात्याचा आक्षेपमंत्री. बारक्या वयानं आणि अंगानं सगळ्यांत लहान, एकोणीस पूर्ण. आणि मी. परदेश बघायचा, राजधानीच बघायची आणि माणशी सात हजारांत बघायची, एवढं ठरलं होतं. दुबई-बँकॉकच्या विमानांचे दर दोन रात्री बघितल्यावर गडहिंग्लजवाला म्हणाला, “रेल्वेनं जाता येईल असा परदेश बघा की.” असा परदेश एकच निघाला. १९५० च्या करारामुळं आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. मतदार ओळखपत्र चालतं.

इथंच पहिली माशी शिंकली. आधार कार्ड मात्र चालत नाही. पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या पुढच्या माणसांनाच ती सवलत, आणि बारक्या नेमका मधे अडकलेला. पासपोर्ट काढायचा तर दीड हजार रुपये फी, म्हणजे बजेटचा पाचवा हिस्सा. शेवटी त्यानं मतदार नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म भरला. लोकशाहीवर त्याचं एवढं प्रेम आम्ही आधी कधी बघितलं नव्हतं. रोज संध्याकाळी घरी फोन: “आबा, कार्ड आलं का?” तिकडून आबा: “आलं की सांगतो म्हटलं न्हवं? इलेक्शनला उभा राहायलायस काय?” कार्ड आलं ते निघायच्या दोन दिवस आधी, तेही गावी. आबांनी ते पाकिटात घालून सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिलं आणि बारक्या दोन तास आधीच स्टँडवर जाऊन फलाट धरून बसला. फोटोत तो कुणाच्यातरी थोरल्या भावासारखा दिसत होता, पण कार्ड होतं.

दुसरी माशी नोटांची. नेपाळ सरकारनं २०१८ च्या डिसेंबरात शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातलेली. दोनशे, पाचशे, दोन हजार, काही चालायचं नाही. फोनवरून पैसे देणं तेव्हा तिकडं आपल्याला शक्य नव्हतं. ती सोय आली २०२४ मध्ये. कागलवाल्याचा हिशोब असा: चौघांचे मिळून अठ्ठावीस हजार. त्यातले आठ हजार जाता-येता रेल्वेला गेले. चार हजार गोरखपूर आणि वाटखर्चाला. उरले सोळा हजार, ते सगळे शंभराच्या नोटांत. म्हणजे एकशे साठ नोटा.

एकशे साठ हा आकडा कागदावर छोटा दिसतो. गोळा करायला लागलं की कळतं. बँकेतल्या खिडकीमागच्या माणसानं वीस नोटा दिल्या आणि “पुढचा या” म्हणून मोकळा झाला. मग आम्ही शहर वाटून घेतलं. मी पेट्रोल पंप आणि दूध डेअरी, गडहिंग्लजवाला भाजी मंडई, बारक्या झेरॉक्सची दुकानं आणि कागलवाल्याकडं कोपऱ्यावरची मिसळ. मिसळवाल्याचा गल्ला म्हणजे शंभराच्या नोटांची खाण होती. चाळीस नोटा त्यानं एका दमात मोजून दिल्या, पण कटाचं बोट लावलेल्या. खोलीवर बंडल उघडलं की भूक लागायची. त्यातल्या एका नोटेवर तर गांधीजींच्या कानाशी रुपयाएवढा लालभडक तर्रीचा डाग. “चालंल,” कागलवाला म्हणाला. त्या ‘चालंल’कडं आपण पुन्हा येऊ.

तिसरी माशी आम्हाला निघायच्या आठवड्यात दिसली. तिकिटं आधीच काढलेली आणि तारखा बघताना आम्ही परीक्षा बघितली, सण बघितले, थंडी बघितली. वर्ल्ड कप बघितला नाही. १८ डिसेंबरला फुटबॉलची फायनल. बाहेरच्या वाचकाला यातलं पाप कळायचं नाही. कोल्हापुरात तेव्हा पेठापेठांत मेस्सी आणि नेमारचे फलक लागलेले, तालमींत ब्राझील आणि अर्जेंटिना असे उभे तट पडलेले. आणि आम्ही फायनलच्या रात्री गावात नसणार. घरच्यांनी परदेशाला हरकत घेतली नव्हती, पण गल्लीनं घेतली.

रात्रीच्या महालक्ष्मीनं कल्याण आणि तिथून काशी एक्सप्रेस. त्या दीड दिवसाबद्दल एवढंच सांगतो की धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी जळगावपर्यंत पुरवायची ठरलं होतं, ती नाशकालाच संपली. गोरखपूर स्टेशनच्या प्रतीक्षालयात रात्र काढली, बिनखर्चाची. शनिवारी पहाटे स्टेशनबाहेरून सोनौलीची बस पकडली.

सोनौलीची सीमा म्हणजे एक कमान. अलीकडं ट्रकांची रांग, पलीकडं ट्रकांची रांग, मधून सायकली, रिक्षा, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया. बारक्या मतदार कार्ड हातात धरून, छाती काढून चालत होता. एका शिपायानं आमच्या पाठपिशव्यांकडं बघितलं, दुसऱ्यानं तेवढंही केलं नाही. आम्ही कमानीखालून गेलो आणि परदेश लागला. बारक्या मागं वळून त्या शिपायाला म्हणाला, “साहेब, कार्ड बघायचं नाही?” त्यानं हातानंच ‘जा, जा’ केलं. सात आठवड्यांची कमाई अशी गेली.

पलीकडं पाट्या देवनागरीत. ‘पसल’ म्हणजे दुकान आणि ‘खाजा घर’ म्हणजे फराळाची जागा, हे दोन मिनिटांत उमगलं. भाव विचारायचा तर ‘कति पर्छ?’ म्हणजे आपलंच ‘किती पडतं?’. कागलवाल्याला हे वाक्य एवढं आवडलं की पुढं चार दिवस तो विकत न घ्यायच्या वस्तूंचेही भाव विचारत फिरला. आपल्या शंभराचे तिकडं एकशे साठ. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. तिकडं आपल्या पैशाला ‘आयसी’ म्हणतात आणि त्यांच्या पैशाला ‘एनसी’. भाव सांगितला की आधी ‘आयसी की एनसी?’ हे विचारायचं, नाहीतर साठ टक्क्यांनी मान कापली जाते. कागलवाल्याचं सूत्र होतं: नेपाळी किमतीला आठानं भागा, पाचानं गुणा. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यानं तक्ताच लिहिलेला.

पैसे बदलणाऱ्यानं बंडल मोजलं. तर्रीची नोट त्यानं वास घेऊन बाजूला ठेवली.

काठमांडूच्या बसची चार तिकिटं काढली. तिकिटावर हातानं लिहिलेली तारीख: २०७९/९/२. विक्रम संवत, पौषाची दुसरी. गडहिंग्लजवाला म्हणाला, “सत्तावन्न वर्षं पुढं आलो की रे!” यावर आम्ही भरपूर हसलो. खाली वेळ लिहिलेली: ९:३०. फोनमध्ये सव्वानऊला पाच कमी. समोर चहा, तिकडं ‘चिया’. मसाल्याचा वास सुटलेला. नेपाळात बस वेळेवर सुटत नाही असं आम्हाला वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं सांगितलं होतं. आम्ही सावकाश दोन-दोन कप घेतले आणि फोनमध्ये नऊ पंचवीसला थांब्यावर गेलो, तर बस नाही.

सीमेजवळ भारतीय मोबाइलचं नेटवर्क येत राहतं, त्यामुळं फोन आपलंच घड्याळ दाखवत राहतो. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. सत्तावन्न वर्षांवर हसलेल्या माणसांची बस पंधरा मिनिटांनी गेली.

खिडकीतला तिकीटवाला हसला नाही, हे त्याचं मोठेपण. “बेलुकाको बसमा जानुस्, भाइ,” म्हणजे संध्याकाळच्या बसनं जा. माणशी दोनशे एनसी जादा घेऊन त्यानं तिकिटं बदलून दिली. हातात अख्खा दिवस आणि कागलवाल्याच्या तोंडावर सुतक. लुंबिनी तिथून वीस-बावीस किलोमीटर. बस थांब्यावरूनच सुटत होती, म्हणून चढलो. कारण एवढंच.

शनिवार नेपाळात सुट्टीचा दिवस, त्यामुळं मायादेवी मंदिराच्या आवारात डबे घेऊन आलेली कुटुंबं पसरलेली. पिंपळाखाली भिक्खू बसलेले, रंगीत पताका वाऱ्यावर. तो स्तंभ बघून आम्ही खरंच गप्प झालो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरं, अजून धारदार. बुद्ध इथं जन्मले असं त्यात कोरलंय. आणि सम्राटानं या गावाला करात सवलत दिली, फक्त आठवा हिस्सा ठेवला, हेही कोरलंय. आठाचा भागाकार ऐकून कागलवाल्याचं सुतक फिटलं. “बघा, अशोकानंपण सवलतच दिली होती,” असं म्हणत त्यानं स्तंभासमोर सगळ्यांना उभं केलं. तोच तो फोटो. पुढं कोल्हापुरात ‘रात्रीच्या बसनं एका मुक्कामाचं भाडं वाचवायचं ही मूळ योजनाच होती’ असं तो गंभीरपणे सांगायचा आणि आम्ही माना डोलवायचो.

रात्रीच्या बसबद्दल विचारू नका. बुटवलपासून पुढचा रस्ता रुंदीकरणासाठी उखडलेला, खिडकी बंद असूनही धुळीनं दातांत कचकच. पहाटे पाचला कलंकीला उतरलो तेव्हा हाडं गोठत होती आणि अंगावर कोल्हापूरचे स्वेटर. थामेलमधल्या गेस्ट हाउसच्या मालकानं रजिस्टर उघडलं आणि म्हणाला, “आयडी?” बारक्यानं कार्ड असं पुढं केलं की विजयाचा गुलालच उधळायचा बाकी. मालकानं चष्मा लावून त्यावरचं मराठी मोठ्यानं वाचलं, तालुक्यासकट. बारक्या मला म्हणाला, “नीट वाचलं बघ त्यानं.”

रविवार म्हणजे निवांत, अशा हिशोबानं आम्ही सगळं फिरणं त्या दिवशी ठेवलेलं. पण तिकडं तेव्हा रविवार कामाचा. रस्त्यावर टाय लावलेली शाळेची पोरं, मायक्रोबसमध्ये बोट शिरायला जागा नाही. विद्यार्थ्यांना बसभाड्यात ४५ टक्के सवलत असते, हे शेजारच्या पोरीनं कार्ड दाखवलं तेव्हा कळलं. कागलवाल्यानं लगेच आमच्या कॉलेजचं कार्ड काढलं. कंडक्टरनं ते उलटसुलट बघितलं, हसला आणि पाच रुपये परत दिले. चार दिवसांतली त्याची सगळ्यात आवडती कमाई तीच.

पशुपतिनाथ, स्वयंभू आणि दरबार चौक हे सगळे फोटोंत आहेत, इथं कशाला सांगू? काष्ठमंडपाचं मात्र सांगतो. या नावावरूनच शहराला नाव पडलं आणि मराठी माणसाला त्याची फोड शिकवावी लागत नाही. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तो पूर्ण कोसळला, पुन्हा उभारून पूर्ण झाला तो आम्ही गेलो त्याच वर्षी. लाकूड अजून नवं दिसत होतं. एक म्हातारा खांबावरून हात फिरवत उभा होता.

भक्तपूरला नाक्यावर तिकीट निघालं: माणशी पाचशे एनसी. कागलवाल्याच्या तक्त्यात हे नव्हतं. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की हा दर सार्क देशांच्या नागरिकांना, बाकीच्या परदेश्यांना त्याहून बराच जास्त. सार्कचं सचिवालय काठमांडूला, हे आम्ही शाळेत असताना सामान्यज्ञानासाठी पाठ केलेलं. त्या पाठांतराचे पैसे पहिल्यांदा वसूल झाले. भरपाई म्हणून जुजु धौ खाल्लं, मातीच्या वाडग्यातलं घट्ट, गोडसर दही. जुजु म्हणजे राजा. गडहिंग्लजवाला, जो मोमोच्या प्रत्येक पाटीसमोर ‘बफ’ (म्हशीचं मांस) हा शब्द वाचून दोन पावलं मागं सरकायचा, त्यानं दोन वाडगी संपवली.

आणि फायनल. गेस्ट हाउसच्या स्वागतकक्षात टीव्ही, समोर वीसएक माणसं एकमेकांना खेटून. सामना सुरू रात्री पावणेनऊला. कोल्हापुरात तेव्हा साडेआठ. या वेळी कुणीही चुकलं नाही. ऐंशी मिनिटं होत आली, अर्जेंटिना दोन-शून्य. कागलवाला म्हणाला, संपलंय सगळं, खाजा घर बंद व्हायच्या आत मी भाताचं बघून येतो. तो दार लावून गेला आणि एम्बापेनं दोन मिनिटांत दोन गोल मारले. परत आला तो हातात चार थाळ्यांचा निरोप घेऊन, “दालभात थप मिळतोय, पाहिजे तेवढा,” आणि कुणी त्याच्याकडं बघेना. पेनल्टीनंतर बारक्या रजिस्टरवर डोकं ठेवून रडला. मग वायफायवर गल्लीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं नुसता धूर आणि फटाके, चेहरा कुणाचाच दिसेना. एवढंच ऐकू आलं: “कुठं मेलायसा रे?”

परतीचा प्रवास जसा असतो तसाच झाला. हिशोबाअंती माणशी सहा हजार आठशे चाळीस. उरल्यासुरल्यातून मिसळ खायची असं ठरलं आणि तर्रीची नोट अजून कागलवाल्याच्या पाकिटात होतीच. सोनौलीपासून काठमांडूपर्यंत ती पाच जणांनी नाकारलेली. चार प्लेट खाऊन झाल्यावर त्यानं बिलाच्या पैशांत ती मधोमध सरकवली. मिसळवाल्यानं पैसे मोजले, नोट बाहेर काढली, उजेडाकडं धरली, गांधीजींच्या कानाजवळचा डाग नखानं खरवडला आणि म्हणाला,

“डाग हाय हिच्यावर. दुसरी द्या.”