विश्लेषण : कोकमामुळे चरबी खरेच ‘कटते’ का? शरीरात मेदपेशी तयार होतात कशा?

मे महिन्यात सिंधुदुर्गात घरोघरी रातांबे फोडले जातात, साली उन्हात पडतात आणि आगळाच्या बाटल्या भरू लागतात. मालवणी जेवणात सोलकढी असते ती चवीसाठी आणि पचनासाठी. अलीकडे मात्र हेच कोकम ‘फॅट कटर’ म्हणून विकले जाते. या दाव्याला विज्ञानाचा थोडा आधार आहे. पण जिथे आधार संपतो, तिथूनच जाहिरात सुरू होते.

मेदपेशी कशी जन्मते?

कोणतीही पेशी जन्मतः मेदपेशी नसते. शरीरात काही मूळपेशी अशा असतात, की त्या पुढे हाड, कूर्चा किंवा मेद यांपैकी काहीही होऊ शकतात. काय व्हायचे, हे त्यांना बाहेरून मिळणाऱ्या रासायनिक संकेतांवर ठरते. इन्शुलिन आणि कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके मेदाच्या बाजूने कौल देतात, तर ‘विंट’ नावाचा संकेत विरोधात असतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० मध्ये स्नायूंच्या पूर्वपेशींमधला हा विंट संकेत रोखला, तेव्हा त्या पेशी स्नायू व्हायचे सोडून चक्क मेदपेशी झाल्या.

हे सारे संकेत शेवटी पोहोचतात पेशीकेंद्रातल्या ‘पीपीएआर-गॅमा’ या प्रथिनापर्यंत. हे मुख्य बटण. ते सुरू झाले, की चरबी साठवण्यासाठी लागणारी जनुके एकामागून एक जागी होतात आणि आठ-दहा दिवसांत पेशीत तेलाचे थेंब दिसू लागतात.

मग कोकमाचा संबंध काय?

कोकमाच्या सालीत गार्सिनॉल आणि हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या पेशींवर गार्सिनॉल टाकले, तर त्यांचे मेदपेशींत होणारे रूपांतर मंदावते. हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका विकराला अडवते. काचेच्या बशीत हे घडते. माणसात काय होते? कोकमाच्या जवळच्या नात्यातली मलबार चिंच घेऊन १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी झाली. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने घटले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने! दोन्ही गटांना आहार कमी दिला होता, वजन उतरले ते त्यामुळे. या अर्काच्या कॅप्सूल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

मेदपेशी रोखणे चांगले की वाईट?

खरा पेच इथे आहे. काही जणांच्या शरीरात जन्मतः मेदपेशी जवळजवळ नसतातच. ही माणसे काटक दिसतात, पण त्यांना तीव्र मधुमेह होतो, यकृत चरबीने भरते. कारण साधे आहे : अन्नातून आलेली चरबी ठेवायला कोठार नसले, की ती यकृतात आणि स्नायूंत शिरते. मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन हे औषध नेमके उलट करते. ते पीपीएआर-गॅमा सुरू करते, त्वचेखाली नव्या मेदपेशी वाढतात, वजन थोडे चढते आणि साखर उतरते. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेमुळे जून २०१३ मध्ये भारताने त्यावर बंदी घातली आणि जुलैअखेर इशाऱ्यासह ती उठवली. (ते डॉक्टरांना न विचारता सुरूही करू नये, बंदही करू नये.)

महाराष्ट्राला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे मोजली. त्यांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी फारशी कमी नव्हती; उणीव होती ती स्नायूंची. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचा बीएमआय २२.३, मात्र चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांनाही सारखेच सांगत होता.

मोठेपणी मेदपेशी कमी होतात का?

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की दरवर्षी सुमारे दहा टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. संख्या साधारण विशीपर्यंत ठरून जाते. जठराची शस्त्रक्रिया करून भरपूर वजन उतरवलेल्यांतही ती घटली नव्हती. पेशी फक्त आकाराने आक्रसल्या होत्या.

राहिले कोकम सरबत. ते बनवताना साली साखरेत मुरवतात. साखर रक्तात गेली की इन्शुलिन वाढते, आणि इन्शुलिनचा कौल मेदाच्या बाजूने असतो हे वर आलेच आहे. सोलकढीत साखर नसते किंवा चिमूटभर असते. नारळाच्या रसाची चरबी मात्र असते. गंमत म्हणजे रातांब्याची बीसुद्धा चरबीनेच भरलेली असते. तिचे घट्ट कोकमतेल कोकणात पायाच्या भेगांना लावतात.