विषाणूंचा पंग्वंधन्याय

२०१६ सालच्या जून महिन्यात हैदराबाद शहराच्या सांडपाण्यात पोलिओच्या दुसऱ्या प्रकारचा विषाणू आढळला. भारत पोलिओमुक्त झाल्याचे २०१४ सालीच जाहीर झाले होते; मग हा विषाणू आला कोठून? तो मूळचा रोगकारक विषाणू नव्हता. तोंडावाटे देण्याच्या लशीतील दुबळ्या विषाणूचाच तो बदललेला वंशज होता.

डॉ. आल्बर्ट सेबिन यांच्या लशीतील विषाणूंच्या दुबळेपणाची एक कसोटी तापमानाची आहे. ४० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांची वाढ खुंटते. अशा विषाणूंना तापमान-संवेदी म्हणतात. जनुकात अल्पसा फेर झाला, की त्यावरून घडणारे प्रथिन बेताच्या उष्णतेत काम करते आणि अधिक उष्णतेत निकामी होते.

असे दोन विषाणू हाती आले, तर दोघांचा दोष एकाच जनुकात आहे की निरनिराळ्या, हे कसे ओळखावे? याचे उत्तर आपल्याकडील पंग्वंधन्यायात सापडते. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला, तर दोघेही मुक्कामी पोहोचतात. दोघेही पांगळे असतील, तर कोणीच पोहोचत नाही. त्याचप्रमाणे एकाच पेशीत दोन्ही विषाणू सोडून ती उष्ण ठेवावी. वाढ झाली, तर दोष भिन्न जनुकांतील. न झाली, तर बहुधा एकाच जनुकातील. यालाच पूरकता-परीक्षा म्हणतात. १९६० नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियात रॉबर्ट एडगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टी-४ या जीवाणुभक्षक विषाणूचे २५ अंशांवर वाढणारे, परंतु ४२ अंशांवर न वाढणारे प्रकार जमविले आणि या रीतीने त्याची अनेक जनुके वेगळी ओळखली.

मात्र येथे एक दक्षता आवश्यक असते. मुक्कामी पोहोचला म्हणून पांगळ्याला पाय फुटत नाहीत. म्हणून निपजलेले विषाणू एकेकटे पुन्हा उष्णतेत वाढवून पाहतात. ते वाढले नाहीत, तर ती केवळ परस्परांची मदत होती. वाढले, तर त्यांची जनुकेच बदलली, असे ठरते.

हैदराबादचा विषाणू या दुसऱ्या जातीचा, म्हणजे जनुकांतच बदललेला होता. त्याने कोणत्याही बालकाला बाधा झाल्याचे आढळले नव्हते. तरीही त्याच महिन्यात हैदराबाद व रंगारेड्डी जिल्ह्यांत सहा आठवडे ते तीन वर्षे वयाच्या सुमारे ३ लाख बालकांना मृत विषाणूंची लस टोचण्याची मोहीम हाती घेण्यात आली.