शिफ्ट रद्द झाली तर? ट्रॅव्हल नर्सिंगमधले गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सिंगकडे, म्हणजे एजन्सीमार्फत ठरावीक आठवड्यांच्या करारावरच्या कामाकडे, वळणाऱ्या आपल्याकडच्या नर्सेसच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: करार १३ आठवड्यांचा आहे, म्हणजे १३ आठवड्यांचा पगार पक्का. तो पक्का नसतो. करारात बहुधा बारा तासांच्या तीन शिफ्ट, म्हणजे आठवड्याला ३६ तास लिहिलेले असतात. पण त्याच कागदावर खाली पेशंट कमी असले तर काही शिफ्ट बिनपगारी रद्द करण्याची मुभा हॉस्पिटलला दिलेली असते. कुठे दोन आठवड्यांत एक, कुठे याहून जास्त. शिवाय शिफ्ट गेली की नुसता तासाचा दर जात नाही, घरभाडं आणि जेवणाचा भत्ताही अनेकदा त्या प्रमाणात कापला जातो. घरमालक मात्र भाडं पूर्ण घेतो. म्हणून हमी तासांचं कलम सहीच्या आधी वाचायचं आणि रिक्रूटरने फोनवर दिलेला शब्द कागदावर आणायचा.

दुसरा समज मनाला लागणारा आहे: ‘मला घरी पाठवलं, म्हणजे माझं काम त्यांना पसंत नाही.’ खरं कारण साध्या हिशेबात असतं. कॅलिफोर्नियात २००४ पासून नर्समागे पेशंटची कमाल संख्या कायद्याने ठरलेली आहे. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात ती पाच. तीस पेशंट असतील तर सहा नर्स लागतात, वीस उरले की चार. शिफ्ट सुरू होण्याच्या तास-दोन तास आधी स्टाफिंग ऑफिस हा आकडा, म्हणजे तिथल्या भाषेत ‘सेन्सस’, बघतं आणि फोन लावतं. थँक्सगिव्हिंग-ख्रिसमसच्या सुमारास लोक ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलतात. फ्लोरिडा-ॲरिझोनात हिवाळा काढायला आलेली वयस्कर मंडळी वसंतात उत्तरेकडे परततात आणि खाटा रिकाम्या होतात. २०२० च्या वसंतात तर सगळीकडे नर्स हव्या आहेत असं जग समजत होतं, पण तातडीची नसलेली ऑपरेशनं थांबल्यामुळे कितीतरी नर्सेसचे तास कापले गेले होते.

‘दुसऱ्या वॉर्डात पाठवलं तर नाही म्हणेन, तासांची हमी आहेच की,’ हेही चालत नाही. बहुतेक करारांत अशा ‘फ्लोट’ला नकार म्हणजे तुम्ही स्वतः सोडलेली शिफ्ट, तिथे हमी लागू होत नाही. त्यामुळे ज्या विभागांचं काम खरंच येतं त्यांची नावं आधीच लिहून द्यावीत आणि रद्द व्हायच्या बेतात असलेली शिफ्ट तिथे वळवून मागावी. जे येत नाही त्याला होकार देऊ नये. पेशंटच्या जिवाला धोका वाटला तर टेक्साससारख्या राज्यात ‘सेफ हार्बर’चा अर्ज करून नर्सला आपलं लायसन्स सांभाळता येतं. ही तरतूद प्रत्येकीला ठाऊक असायला हवी.

सगळ्यात महाग पडणारा समज असा, की आज शिफ्ट गेली तर उद्या शेजारच्या हॉस्पिटलात मिळेल. तिथे पाऊल टाकण्याआधी बीएलएस-एसीएलएसची कार्डं, टीबीची तपासणी, लसींचे दाखले, मास्कची फिट टेस्ट, पार्श्वभूमी पडताळणी आणि ओरिएंटेशन लागतं. त्यात काही आठवडे जातात. म्हणून काम भरपूर असतानाच एखाद्या ठिकाणी ‘पर डिएम’ म्हणून, म्हणजे गरजेपुरत्या सुट्या शिफ्टसाठी, नाव घालून ठेवावं. आधी करार बघावा, कारण चालू हॉस्पिटलच्याच समूहात दुसऱ्या वाटेने काम करायला बऱ्याचदा मनाई असते. राज्याची हद्द ओलांडायची तर राज्यांच्या आपसातल्या कराराने अनेक ठिकाणी चालणारं कॉम्पॅक्ट लायसन्स उपयोगी पडतं, पण कॅलिफोर्निया त्या करारात नाही. एच-वन-बी व्हिसावर असाल तर दुसऱ्या मालकाने आपला स्वतंत्र अर्ज केल्याशिवाय त्याच्याकडे एकही शिफ्ट करता येत नाही. ग्रीन कार्डवर ही अडचण नाही, मात्र ज्या एजन्सीने आणलं तिच्याशी काय कबूल केलंय ते तपासावं.

जादा शिफ्ट म्हणजे दीडपट पैसे, असंही सर्रास धरलं जातं. संघीय कायद्यात ओव्हरटाइम साधारणपणे एकाच मालकाकडे आठवड्यात ४० तास झाल्यावर लागतो. एका एजन्सीकडे ३६ आणि दुसऱ्या, संबंध नसलेल्या मालकाकडे १२ तास केले तर दोन्हीकडे साधाच दर मिळतो. तेच १२ तास पहिल्याच एजन्सीमार्फत वेगळ्या हॉस्पिटलात केले तर बेरीज ४८ होते आणि आठ तासांचा ओव्हरटाइम निघतो. दीडपट नेमकी कशाची, हेही विचारावं. क्लार्क नावाच्या व्यक्तीने एएमएन सर्व्हिसेस या एजन्सीविरुद्ध लढलेल्या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवलं की कामाच्या तासांप्रमाणे कमी-जास्त होणारा त्या एजन्सीचा भत्ता ओव्हरटाइमचा दर काढताना धरलाच पाहिजे. ॲपवरून मिळणाऱ्या शिफ्टमध्ये आणखी एक बारीक गोष्ट असते. तिथे तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार ठरलात, तर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर तुमच्याच खिशातून जातो आणि व्यावसायिक विमाही स्वतः काढावा लागतो. दाखवलेल्या मोठ्या दरातून हे आधी वजा करावं, मगच होकार द्यावा.