पाठांतरानंतरची चार मिनिटं

चीनमधून आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांच्या सरासरी गुणांची कोष्टकं वेळोवेळी प्रसिद्ध होतात. गेल्या दशकातली पाहिली तर चित्र एकच दिसतं : वाचनाचे गुण सर्वांत वर, बोलण्याचे सर्वांत खाली. तासाभरात तीन लांबलचक उतारे वाचून चाळीस प्रश्न सोडवणारा विद्यार्थी परीक्षकासमोर बसला की अडखळतो. यावरचं ठरलेलं निदान म्हणजे घोकंपट्टी. परदेशी शिक्षक ते बोलून दाखवतात, आणि खुद्द चीनमध्येही ‘मुकी इंग्रजी’ या नावानं त्यावर वर्षानुवर्षं हळहळ व्यक्त होत आली आहे. मला हे निदान अर्धवट वाटतं. पाठांतर हे चिनी विद्यार्थ्याचं सर्वांत मोठं भांडवल आहे. चूक होते ती काय पाठ करायचं याच्या निवडीत, आणि ती निवडही बहुतेकदा त्याच्या हातात नसते. परीक्षांची रचना आणि त्यांच्याभोवती उभा राहिलेला क्लासेसचा धंदा या दोघांनी मिळून ती त्याच्यासाठी आधीच करून ठेवलेली असते.

आयल्ट्सच्या दारात येईपर्यंत हा विद्यार्थी इंग्रजीच्या किती परीक्षा देऊन आलेला असतो, ते आधी पाहू. २००१ पासूनच्या सरकारी धोरणानुसार चिनी शाळांत साधारण तिसरीपासून इंग्रजी सुरू होते. बारावीनंतरच्या काओखाओ या प्रवेशपरीक्षेत ७५० पैकी १५० गुण इंग्रजीचे, म्हणजे गणिताइतकेच. या परीक्षेवर कोणतं विद्यापीठ मिळणार हे ठरतं, आणि बहुतेक प्रांतांत बोलण्याचे गुण त्या बेरजेत धरले जात नाहीत. पुढे महाविद्यालयात १९८७ पासून चालत आलेली ‘सीईटी-४’ असते. आपल्याकडच्या सीईटीशी तिचा संबंध नाही. ही महाविद्यालयीन इंग्रजीची राष्ट्रीय चाचणी आहे. तिच्या ७१० गुणांत ऐकण्याला ३५ टक्के, वाचनाला ३५ टक्के, लेखन आणि भाषांतराला प्रत्येकी १५ टक्के वाटा आहे. बोलण्याची परीक्षा वेगळी आणि ऐच्छिक. दहा-बारा वर्षं ज्या कौशल्याचे गुण कोणी मोजले नाहीत, ते कौशल्य कच्चं राहिलं याचं नवल वाटण्याचं कारण नाही. जिथे गुण होते तिथे या मुलांनी ते मिळवले. वाचनाचा आकडा तेच सांगतो.

त्यात भाषांच्या ठेवणीतलं अंतर फार मोठं आहे. चिनी भाषेत क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, नामाला सहसा अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, आणि ‘तो’ व ‘ती’ यांचा उच्चार एकच असतो. त्यामुळे उत्तम वाचणारा विद्यार्थीसुद्धा बोलण्याच्या ओघात आपल्या आईला इंग्रजीत ‘ही’ म्हणून मोकळा होतो. लिहिताना थांबून रूप दुरुस्त करता येतं, बोलताना तेवढी उसंत मिळत नाही. मँडरिनमधला शब्द स्वरावर किंवा ‘न’सारख्या अनुनासिकावर संपतो, फार तर ‘र’वर; त्यामुळे ‘आस्क्ड’, ‘मंथ्स’ यांसारखे व्यंजनांच्या जुडग्यावर संपणारे शब्द जिभेला वळण लावूनच यावे लागतात. याचा फटका ऐकण्याच्या परीक्षेतही बसतो. ध्वनिफितीतली बाई ‘टिकेट्स’ म्हणाली आणि कागदावर ‘टिकेट’ उतरलं, की शब्द ओळखूनही गुण जातो. शेवटचा ‘स’ कानावर पडलेला असतो, पण तो टिपून घ्यायची सवय मातृभाषेनं लावलेली नसते. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचा घोळ मराठी माणसालाही ओळखीचा आहे, कारण आपल्याकडेही ती नाहीत; मात्र काळ, लिंग आणि वचनाची सवय मराठीनं आपल्याला घरबसल्या दिलेली आहे. चिनी मुलाला ती सगळी नव्यानं कमवावी लागते आणि पाठांतराखेरीज त्याच्याकडे साधन काय असतं? इंग्रजी बोलणारा शेजारी नाही, इंग्रजीत चालणारं कार्यालय नाही, रस्त्यावरच्या पाट्यांपलीकडे इंग्रजीचा वावर नाही.

ही गरज ओळखून जो उद्योग उभा राहिला त्यातलं सर्वांत मोठं नाव न्यू ओरिएंटल. यू मिनहोंग हे दोनदा काओखाओत अपयशी ठरून तिसऱ्या खेपेला १९८० मध्ये पेकिंग विद्यापीठात पोचले, पुढे तिथेच शिकवू लागले आणि ती नोकरी सोडून १९९३ मध्ये त्यांनी बीजिंगमध्ये ही संस्था काढली. अमेरिकी विद्यापीठांसाठी लागणाऱ्या जीआरईच्या शब्दांचं त्यांचं लाल वेष्टनाचं पुस्तक एका पिढीनं उराशी धरलं. २००६ मध्ये संस्था न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदवली गेली. त्याआधीच, २००१ मध्ये, टोफेल आणि जीआरई घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकी संस्थेनं आपल्या प्रश्नपत्रिका विनापरवाना वापरल्याबद्दल न्यू ओरिएंटलवर बीजिंगच्या न्यायालयात दावा लावला होता. २००४ च्या अंतिम निकालात भरपाई कमी झाली, पण स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचं न्यायालयानं मान्य केलं.

या धंद्याच्या पोटात ‘जीचिंग’ नावाची चीज आहे. परीक्षा देऊन बाहेर पडलेल्यांनी आठवून आठवून लिहिलेले प्रश्न एकत्र करायचे, त्यांची उत्तरं तयार करायची आणि पुढच्या तुकडीनं ती पाठ करायची. संगणकावरच्या परीक्षेत प्रश्नांचा साठा मर्यादित असतो आणि तेच प्रश्न काही काळ फिरत राहतात, म्हणून हे जमतं. २००२ मध्ये याचा भडका उडाला. चीनमधल्या परीक्षार्थींचे जीआरईच्या शाब्दिक विभागातले सरासरी गुण २०० ते ८०० च्या मापावर सुमारे १०० नी चढल्याचं ईटीएसनं जाहीर केलं आणि चीन, तैवान व कोरियात संगणकावरची परीक्षा थांबवून पुन्हा कागदावर आणली. इमानदारीनं अभ्यास केलेल्या मुलांच्या गुणपत्रिकांकडेही त्यानंतर संशयानं पाहिलं गेलं, आणि या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत अन्यायाची वाटणारी गोष्ट ती आहे.

आयल्ट्सच्या तोंडी परीक्षेत जीचिंगचं रूप जरा वेगळं आहे, आणि मुद्दा कळण्यासाठी ते जवळून पाहायला हवं. परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची, तीन भागांची. दुसऱ्या भागात एक कार्ड हातात मिळतं, एक मिनिट विचाराला, मग दोन मिनिटांपर्यंत एकट्यानं बोलायचं. कार्डांचा संच साधारण जानेवारी, मे आणि सप्टेंबरात बदलतो आणि बदलला की नवी यादी हां हां म्हणता देशभर पोचते. पन्नासेक विषय प्रत्येकी वेगळे पाठ करणं जिवावर येतं, म्हणून क्लासमध्ये ‘छ्वान-ती’ शिकवतात, म्हणजे एकाच गोष्टीत अनेक विषय ओवायचे. समजा, आजोबांनी दिलेल्या सायकलची गोष्ट बसवली. ‘मिळालेली भेट’ आली तर सायकल, ‘जुनी वस्तू’ आली तर सायकल, ‘प्रभाव टाकणारी व्यक्ती’ आली तर आजोबा, ‘लक्षात राहिलेला प्रवास’ आला तर त्याच सायकलवरची फेरी. दोन मिनिटं झकास पार पडतात. मग तिसरा भाग सुरू होतो, चार-पाच मिनिटांचा. परीक्षक विचारतो, लोक जुन्या वस्तू टाकून का देत नाहीत? घरात जागा कमी पडायला लागल्यावर हे बदलेल का? विद्यार्थी उत्तर देतो, आणि परीक्षक त्या उत्तरातलाच धागा पकडून पुढचा प्रश्न टाकतो. इथे यादी संपलेली असते. मघाशी सफाईनं बोलणारा आवाज आणि आताचा चाचपडणारा आवाज यांतलं अंतर अनुभवी परीक्षकाच्या कानातून सुटत नाही. पाठ केलेली भाषा ओळखून तिला श्रेय न देणं परीक्षकाकडून अपेक्षित असतं. उलट, सहा बँडच्या, म्हणजे सहा या गुणश्रेणीच्या, वर्णनात अधूनमधून अडखळणं, शब्द पुन्हा उच्चारणं, स्वतःला दुरुस्त करणं हे सारं चालवून घेतलेलं आहे. अपेक्षा एवढीच, की माणूस लांबवर बोलायला तयार असावा. अडखळत का होईना, पण स्वतःचं बोलणाऱ्याला ही परीक्षा जागा देते, ही गोष्ट क्लासमध्ये पुरेशा ठासून सांगितली जात नाही.

तर मग पाठांतर सोडूनच द्यावं का? पुरावा याच्या उलट बाजूचा आहे. चिनी विद्यार्थी पाठांतरावर भर देतात आणि तरीही त्यांची समज उत्तम कशी, हा पेच १९९० च्या दशकात संशोधकांना पडला होता. स्वीडिश अभ्यासक फेरेन्स मार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी शिक्षकांशी बोलून दाखवलं, की न समजता घोकणं आणि समजून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा म्हणणं हे दोन निराळे व्यवहार ते शिक्षक स्पष्टपणे वेगळे मानतात. २००७ मध्ये डिंग यानरेन यांनी राष्ट्रीय इंग्रजी वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा जिंकलेल्या तीन चिनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती अभ्यासून प्रसिद्ध केल्या. त्या तिघांनीही आपल्या इंग्रजीचं श्रेय धडेच्या धडे पाठ करण्याला दिलं. एल. जी. अलेक्झांडर यांच्या १९६७ च्या ‘न्यू कन्सेप्ट इंग्लिश’ या चार भागांच्या पुस्तकाचा त्यात मोठा वाटा होता. चीनमध्ये आजही ते घराघरांत आहे. सुरुवातीला शिक्षकांच्या सक्तीनं केलेलं पाठांतर पुढे त्यांना आवडू लागलं, कारण त्यातून कोणता शब्द कोणत्या शब्दाला चिकटून येतो हे जिभेवर बसलं आणि गरज पडेल तिथे ते तुकडे उचलून वापरता आले. फरक इथे आहे. त्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्याचा चांगला मजकूर पाठ केला आणि त्याचे तुकडे मोडून स्वतःचं बोलणं रचलं. छ्वान-ती करणारा तयार उत्तर पाठ करतो, आणि ते मोडलं तर त्याच्या हाती काही उरत नाही. निबंधाचंही तेच. ‘विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वेगवान प्रगतीबरोबर’ या छापाची सुरुवात हजारो उत्तरपत्रिकांत येते आणि विषय वृद्धाश्रमाचा असो की वाहतुकीचा, ती जागची हलत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळं चिनी संस्कृतीतच आहे. शाही नोकरभरतीच्या परीक्षा सुमारे तेराशे वर्षं चालल्या आणि १९०५ मध्ये बंद झाल्या. मिंग आणि छिंग काळात त्यांतला निबंध आठ ठरावीक भागांत लिहावा लागे, आणि यशस्वी उमेदवारांच्या निबंधांचे छापील संग्रह बाजारात विकले जात. साम्य खरं आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला आळशी वाटतो. ते संग्रह विकले जात कारण एका परीक्षेवर घराण्याचं भवितव्य टांगलेलं असे. जिथे जिथे असं असतं तिथे तिथे अपेक्षित प्रश्नसंच निघतातच. लातूर पॅटर्न जवळून पाहिलेल्या वाचकाला त्यासाठी कन्फ्यूशियसची गरज पडणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आयल्ट्सला एका खेपेला दोन हजारांहून जास्त युआन मोजावे लागतात, साडेसहाचा बँड नसेल तर ब्रिटनमधल्या कितीतरी विद्यापीठांचं दार उघडत नाही, अर्जाची तारीख डोक्यावर आहे. अशा मुलाला भाषेच्या गोडीचे धडे देणारे आपण कोण? त्याला गुण हवेत. मान्य. पण त्याला गुण हवेत तेही कशासाठी? ब्रिटनच्या विद्यापीठांत एका वर्षी सुमारे दीड लाख चिनी विद्यार्थी शिकत होते. तिथल्या सेमिनारमध्ये यादीबाहेरचेच प्रश्न येतात, आठवड्यामागून आठवडे, आणि तिथे गप्प बसलेल्या मुलाला कोणी मूर्ख म्हणतं, कोणी गर्विष्ठ. तोंडी परीक्षेतली ती चार मिनिटं म्हणजे या पुढच्या वर्षाचा नमुना आहे. शिवाय हिशेबानं पाहिलं तरी ज्या विभागात गुण सर्वांत कमी तिथेच वाढीला जागा जास्त. वाचनाचा आणखी एक सराव-संच उरकून ती भरून येत नाही.

इंग्रजीची गरजच ओसरते आहे, असंही आता म्हटलं जातं. २०२३ मध्ये शीआन च्याओथोंग विद्यापीठानं पदवीसाठी सीईटी-४ ची अट काढली. त्याआधी, जुलै २०२१ च्या सरकारी आदेशानं शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर टाच आली. न्यू ओरिएंटलनं साठ हजार कर्मचारी कमी केल्याचं यू मिनहोंग यांनी स्वतः सांगितलं. संस्था मोबाईलवरून थेट विक्रीकडे वळली आणि २०२२ च्या जूनमध्ये दोंग युहुई हा तिचा शिक्षक तांदूळ आणि मांस विकता विकता पांढऱ्या फळ्यावर त्यांचे इंग्रजी शब्द लिहून दाखवू लागला, तेव्हा लाखो लोक ते पाहत बसले. परीक्षेचं ओझं नसतानाही लोकांनी इंग्रजी ऐकायला वेळ काढला, याचा अर्थ भूक गेलेली नाही. भाषांतर करणारी यंत्रं पत्र लिहून देतील. समोरच्या माणसाच्या प्रतिप्रश्नाला त्याच्या डोळ्यांत पाहून उत्तर देण्याचं काम राहतंच.

मग तयारी कशी करावी? यादी टाकून देण्याची गरज नाही. तिच्याकडे उत्तरांची यादी म्हणून न पाहता विषयांची यादी म्हणून पाहावं. सायकलची गोष्ट लिहून पाठ करण्याऐवजी तिच्यासाठी लागणारे आठ-दहा शब्दसमूह पक्के करावेत आणि गोष्ट दर वेळी नव्यानं सांगावी. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी प्रचारात आणलेली एक साधी रीत इथे फार उपयोगी आहे : तीच गोष्ट एका श्रोत्याला चार मिनिटांत सांगायची, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. श्रोता बदलल्यामुळे सांगण्यात जीव राहतो आणि वेळ घटल्यामुळे शब्द पटापट हाताशी येऊ लागतात. त्यात एक भर घालावी : प्रत्येक श्रोत्यानं शेवटी एक ‘का?’ विचारायचा, आणि उत्तर आधी ठरवून ठेवायचं नाही. दोन चिनी मुलं आपसांत इंग्रजी बोलली तर चुकाच पक्क्या होतील, ही भीती शिक्षक बोलून दाखवतात. काही चुका होतील खऱ्या, पण त्या ध्वनिमुद्रण ऐकून, वहीत उतरवून, हातानं दुरुस्त करता येतात, आणि बारकाईनं दुरुस्त करण्याच्या कामात हे विद्यार्थी मुळातच वाकबगार आहेत. श्रोते शोधायलाही पैसे पडत नाहीत. चिनी उद्योगपती जॅक मा यांनी शाळकरी वयात हांगचौच्या हॉटेलापाशी उभं राहून परदेशी पाहुण्यांना फुकट शहर दाखवत इंग्रजी कमावली, तेव्हा चीनमध्ये परदेशी माणूस दुर्मीळ होता. बीजिंगच्या रेनमिन विद्यापीठातला ‘इंग्लिश कॉर्नर’ तर शुक्रवारच्या संध्याकाळी भरणारा म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे अनोळखी माणसं उभ्या उभ्या एकमेकांना इंग्रजीत प्रश्न विचारतात, आणि कोणता प्रश्न येईल हे तिथे कोणालाच माहीत नसतं.