तीन गुणांनी गेलेलं सुवर्ण: परळच्या कॉलेजातली मुलगी, जकार्तातली फायनल आणि तेहरान

24 ऑगस्ट 2018, शुक्रवार. जकार्तातल्या गरुडा थिएटरमध्ये आशियाई स्पर्धेची महिला कबड्डीची फायनल संपली आणि फलकावर आकडे दिसले: इराण 27, भारत 24.

आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी आली 2010 मध्ये, ग्वांगझूला. तेव्हापासून सुवर्ण भारताचंच होतं. 2014 मध्ये इंचॉनला याच इराणला भारताने फायनलमध्ये 31-21 असं हरवलं होतं. चार वर्षांत दहा गुणांचा फरक गेला आणि वर तीन गुणांची पिछाडी आली.

त्या भारतीय संघात एक मुलगी लोअर परळची होती. सोनाली शिंगटे. परळच्या महर्षी दयानंद कॉलेजात, म्हणजे आपल्या एम.डी. कॉलेजात शिकलेली. कॉलेजात असतानाच ती कबड्डीकडे वळली. वयाच्या तेविसाव्या वर्षी तिच्या गळ्यात आशियाई रौप्यपदक होतं आणि देशात चर्चा होती ती 'भारत हरला' याची.

ही हार नेमकी कशामुळे झाली, याची जी उत्तरं तेव्हा मोबाईलवर फिरली त्यातली बरीचशी अर्धवट होती. म्हणून हा विषय पुन्हा काढतोय.

तीस मिनिटांचा खेळ

प्रो कबड्डी बघून आपल्याला 20-20 मिनिटांच्या दोन डावांची सवय झालीय. महिलांचा आंतरराष्ट्रीय सामना 15-15 मिनिटांचा असतो आणि मैदानही लहान असतं. पुरुषांचं 13 मीटर बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8.

एका चढाईला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. प्रत्येक चढाईला पूर्ण वेळ घेतला, तर अख्ख्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून साधारण 60 चढाया होतात. म्हणजे एका संघाच्या वाट्याला तीसच. त्यात दोन चढाया फुकट गेल्या आणि एक पकड सुटली, की सामना हातातून जायला लागतो. चूक भरून काढायला पुरुषांना मिळतात त्यापेक्षा 10 मिनिटं कमी.

जकार्तात मध्यंतराला भारत 13-11 असा पुढे होता. याचा अर्थ उत्तरार्ध इराणने 16-11 असा जिंकला. पाच गुणांचा हा फरक ऐकायला मोठा वाटतो, पण कबड्डीत तो एका लोणाभोवती होऊन जातो. सातही खेळाडू बाद झाले की समोरच्या संघाला दोन जादा गुण मिळतात, तोच लोण. खरं नुकसान मात्र लोण पडण्याच्या आधीच सुरू होतं. मैदानात दोन-तीनच जणी उरल्या, की साखळी धरून पकड करायला माणसंच नसतात. चढाईला जाणारी बाद झाली तर मागे आणखी कमी. तीन किंवा त्याहून कमी खेळाडूंनी पकड केली तर एक जादा गुण मिळतो, ज्याला आपण अव्वल पकड म्हणतो. घसरण थांबवायचा हा एक रस्ता असतो, पण त्यासाठी डोकं थंड लागतं.

आणि त्या दिवशी डोकं थंड ठेवणं किती अवघड असेल, याचा विचार करा. आदल्याच दिवशी, 23 ऑगस्टला, भारताचा पुरुष संघ सेमी फायनलमध्ये इराणकडून 27-18 असा हरला होता. 1990 पासून सलग सात सुवर्णपदकं जिंकणारा संघ फायनललाही पोहोचला नाही. एरवी महिला कबड्डीच्या फायनलची वेळही कुणाला माहीत नसते. त्या शुक्रवारी मात्र सगळा देश अचानक या बारा जणींकडे 'आता तुम्ही तरी' म्हणून बघायला लागला. आधीच्या सामन्यांनी सावध व्हावं असं काही दाखवलंही नव्हतं. जपानला 43-12 आणि सेमी फायनलमध्ये चायनीज तैपेईला 27-14 असं हरवून संघ तिथवर आला होता.

समोरच्या बाकावर नाशिक

इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन. नाशिकच्या.

ही गोष्ट तेव्हा खूप फिरली, आणि 'आपल्याच माणसाने आपल्याला हरवलं' या एका ओळीत संपवली गेली. मला ही ओळ तेव्हाही खटकली होती. 2011 चा क्रिकेट वर्ल्ड कप आपण जिंकला तेव्हा आपले प्रशिक्षक गॅरी कर्स्टन होते, दक्षिण आफ्रिकेचे. त्यांना कुणी फितूर म्हटल्याचं आठवत नाही. शैलजाताईंना भारतीय संघाला शिकवायची इच्छा होती आणि ती संधी मिळाली नाही, हे त्यांनी स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय. इराणने विचारलं, त्या गेल्या.

तिथे त्यांनी काय केलं हे जास्त महत्त्वाचं. अंतिम सामन्याआधी साधारण दीड वर्ष त्या संघासोबत होत्या. मुलींशी थेट बोलता यावं म्हणून फारसी शिकल्या. सकाळच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. कबड्डीत दम हा शब्द नुसता लाक्षणिक नाही, चढाई एका दमात करायची असते. श्वासावर काबू म्हणजे चढाईवर काबू, हे गणित त्यांनी त्या मुलींना शिकवलं.

आता त्या दुसऱ्या लोकप्रिय कारणाकडे येऊ. 'प्रो कबड्डीत परदेशी खेळाडूंना आपणच शिकवलं, म्हणून हरलो.' पुरुषांच्या बाबतीत यात तथ्य आहे. 2014 मध्ये लीग सुरू झाली, फझल अत्राचलीसारखा इराणी खेळाडू यू मुंबाकडून खेळला, भारताच्या चढाईपटूंना रोज जवळून बघत गेला. पण इराणच्या मुली कुठल्या लीगमध्ये खेळल्या? त्यांच्यासाठी लीगच नव्हती. तशी ती आपल्या मुलींसाठीही नव्हती. 2016 मध्ये 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' नावाने एक प्रयोग झाला. फायर बर्ड्‌स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स असे तीन संघ होते, फायनल स्टॉर्म क्वीन्सने 24-23 अशी जिंकली. इतका चुरशीचा शेवट होऊनही पुढच्या वर्षी तो प्रयोग परत आला नाही.

म्हणजे महिलांच्या फायनलला लीगचं कारण लागू पडतच नाही. इराणने एक प्रशिक्षक नेमली आणि तिला पुरेसा वेळ दिला. आपण जिंकत होतो म्हणून कुणाला काही बदलावंसं वाटलं नसावं. जकार्ताच्या नऊ महिने आधी, नोव्हेंबर 2017 मध्ये, इराणच्याच गोरगान शहरात झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय महिलांनी फायनलमध्ये दक्षिण कोरियाला 42-20 असं हरवलं होतं. 22 गुणांनी जिंकल्यावर धोक्याची घंटा कुणाला ऐकू येणार?

गिरणगावातून मॅटवर

सोनालीची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मुंबईतली कबड्डी कशी चालते हे तिच्यावरून कळतं.

वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालवायची. सोनालीला आधी क्रिकेट खेळायचं होतं, पण ते घरच्यांना परवडणारं नव्हतं. कबड्डी परवडते. बॅट नको, पॅड नको, मोठं मैदान नको. लालबाग, परळ, करी रोड, प्रभादेवी या पट्ट्यात गिरण्या होत्या तेव्हापासून कबड्डी रुजली ती याच कारणाने. व्यायामशाळा, मंडळं, ना. म. जोशी मार्गावरचा श्रमिक जिमखाना. गिरण्यांच्या जागी टॉवर आले तरी थंडीत दिवे लावून होणारे सामने अजून होतात आणि चाळीतली माणसं अजून खुर्ची टाकून बसतात. महिलांच्या कबड्डीतही शिवशक्ती, डॉ. शिरोडकर ही नावं मुंबई शहरात वजनदार. सोनाली शिवशक्ती महिला संघात राजेश पाडावे यांच्याकडे तयार झाली.

मातीतल्या कबड्डीत खेळाडू अनवाणी असतो. मॅटवर बूट लागतात, आणि आंतरराष्ट्रीय कबड्डी पूर्णपणे मॅटवर होते. सुरुवातीला सोनालीकडे बूट नव्हते. बूट आणि किट तिला प्रशिक्षकांनी मिळवून दिलं. बाहेरून किरकोळ वाटणारी ही अडचण आहे, पण मातीत पाय रोवून वळणं आणि मॅटवर बुटाच्या पकडीवर वळणं यांत शरीराचा तोल वेगळा असतो. ज्या मुलीला मॅट उशिरा मिळतं, तिला अर्धा खेळ नव्याने शिकावा लागतो.

शिवाय कॉलेज होतंच. सराव सांभाळून परीक्षा पास व्हायची ही घरची अट बहुतेक कबड्डीपटू मुलींच्या वाट्याला येते, तशी तिच्याही आली. या अटीकडे नुसतं 'घरचा विरोध' म्हणून बघू नये असं मला वाटतं. ज्या खेळात मुलींसाठी लीग नाही, तिथे पोट भरायचा रस्ता म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे बहुतेक वेळा रेल्वे. राष्ट्रीय स्पर्धेत महिलांमध्ये भारतीय रेल्वेच्या संघाचा अनेक वर्षं दबदबा राहिला तो त्यामुळेच, देशभरातल्या चांगल्या मुली शेवटी तिथेच जमतात. सोनालीही पश्चिम रेल्वेत लागली आणि तिथून तिचा खेळ वर गेला. डिग्री आणि खेळ हे दोन्ही दोर हातात ठेवले तरच घर चालतं, हे पालकांना चांगलं कळतं.

म्हणून जकार्तातल्या रौप्यपदकाचा अर्थ टीव्हीवर एक होता आणि लोअर परळमध्ये दुसरा. 2019 मध्ये काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनाली सुवर्णविजेत्या संघात होती आणि तिला राज्य सरकारचा शिवछत्रपती पुरस्कारही मिळाला. हरलेल्या फायनलमधली खेळाडू म्हणून तिच्याकडे कुणी पाठ फिरवली नाही. जकार्ताच्या त्या संघात पुण्याची सायली केरीपाळेही होती, म्हणजे बारापैकी दोघी महाराष्ट्राच्या.

मग पुढे?

पुढची आशियाई स्पर्धा कोविडमुळे एक वर्ष लांबली आणि 2023 मध्ये हांगझोऊला झाली. तिथे भारताची सुरुवात चायनीज तैपेईविरुद्ध 34-34 अशा बरोबरीने झाली. ज्या संघाला जकार्तात 13 गुणांनी हरवलं होतं, त्याने पहिल्याच सामन्यात अडवलं. इराण एकटाच पुढे आलेला नव्हता हे तिथे दिसलं. सेमी फायनलमध्ये तर तैपेईने इराणलाच घरी पाठवलं.

7 ऑक्टोबरला फायनलमध्ये पुन्हा तैपेई. भारत 26, तैपेई 25. एका गुणाने सुवर्ण, आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक. कर्णधार होती हिमाचलची रितू नेगी, जी जकार्तातल्या हरलेल्या संघात होती. सोशल मीडियावर शंभर या आकड्याचे पोस्टर दिवसभर फिरले. गुणफलक मात्र फार कमी जणांनी नीट वाचला. 2014 ला दहा गुणांनी जिंकलो, 2018 ला तीन गुणांनी हरलो, 2023 ला एका गुणाने जिंकलो. पाच वर्षांत सुवर्ण परत आलं, पण 2014 चा तो आरामाचा फरक परत आला नाही.

माझ्या मते 2018 च्या हारेचा सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे. तिने आशियातली खरी परिस्थिती आपल्याला आधी सांगितली. फक्त आपण 'धक्कादायक' हा शब्द वापरून मोकळे झालो.

व्यवस्थेत किती बदललं, हा प्रश्न वेगळा. मुलींची पुरुषांइतकी मोठी, दरवर्षी भरणारी लीग अजूनही उभी राहिलेली नाही. प्रो कबड्डीतला एखादा चढाईपटू एका हंगामात वीसेक सामने दडपणाखाली खेळतो, शेवटच्या दोन मिनिटांत काय करायचं हे त्याच्या अंगवळणी पडतं. मुलींना तो सराव मिळतो राष्ट्रीय स्पर्धेत, रेल्वेच्या अंतर्गत सामन्यांत आणि प्रभादेवी-परळसारख्या ठिकाणी मंडळांनी भरवलेल्या स्पर्धांत. आपण मंडळाच्या स्पर्धेला 'गल्लीतली' म्हणतो, पण मुंबईतल्या मुलीला अटीतटीचा शेवट बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा भेटतो. त्यामुळे यंदा तुमच्या भागात महिला गटाचे सामने असतील तर पुरुषांची फायनल सुरू व्हायच्या तासभर आधी जा. साधारण तेव्हाच असतात, आणि तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात.

आणि सोनाली?

मार्च 2025 मध्ये महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा तेहरानला झाली. भारतीय संघाची कर्णधार होती सोनाली शिंगटे. फायनल 8 मार्चला, म्हणजे महिला दिनी होती. समोर इराण, त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच प्रेक्षकांपुढे. निकाल: भारत 32, इराण 25.