यूएसबी हब: टेबलावरचा आणि कारखान्यातला

आजचा विषय तसा किरकोळ वाटेल. यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टचे चार किंवा सात पोर्ट करून देणारी डबी. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती काहीशे रुपयांत मिळते. तेच काम करणारा, पत्र्याच्या कवचातला आणि वर ‘इंडस्ट्रियल’ असं छापलेला हब मात्र काही हजारांना पडतो. मग खरेदी विभागातून फोन येतो: पत्र्याच्या डबीचे एवढे पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. काही वेळा ते पैसे खरोखरच नुसत्या पत्र्याचे असतात. म्हणून आत काय असायला हवं ते आज बघू.

त्यासाठी थोडं लांब, लखनौला जाऊ. शहराच्या दक्षिणेला रायबरेली रस्त्यावर वृंदावन योजना आहे. उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेची ही वसाहत. तिथल्या सेक्टर १५ च्या मैदानावर ५ ते ९ फेब्रुवारी २०२० या काळात ‘डिफएक्स्पो’ हे संरक्षण सामग्रीचं प्रदर्शन भरलं होतं. हजाराहून जास्त प्रदर्शक होते. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्याची गुंतवणूकदार परिषदही याच भागात झाली. आपल्या विषयासाठी हे मैदान महत्त्वाचं आहे, कारण असं प्रदर्शन म्हणजे पाच दिवसांसाठी उभारलेला कारखानाच. मोकळ्या मैदानावर दालनं उभी करायची, तर तात्पुरत्या वीजजोडण्या येतात, जनरेटर येतात, मातीत नव्याने ठोकलेलं अर्थिंग येतं, जमिनीवरून लांबच लांब केबल जातात. पायांची धूळ असते, फेब्रुवारीतल्या लखनौचं सकाळचं धुकं असतं. आणि या सगळ्यात स्टॉलवरच्या संगणकाला कॅमेरा, सेन्सर, टचस्क्रीन, परवान्याचा डोंगल असं चार-पाच काहीतरी जोडून पाहुण्यांसमोर चालवून दाखवायचं. एरवी कारखान्यात ज्या अडचणी वर्षभरात एकेक करून येतात, त्या इथे एकाच सकाळी येऊ शकतात.

मुळात यूएसबी या जागेसाठी बनलंच नव्हतं. पहिलं मानक जानेवारी १९९६ चं. ते घडवणाऱ्यांमध्ये इंटेलचे अजय भट्ट अग्रणी होते. शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं, म्हणजे आपल्याला अगदी परकं नाही. त्या वेळचा प्रश्न घरगुती होता: संगणकाच्या मागे माऊसला एक खोबण, प्रिंटरला दुसरी, मोडेमला तिसरी. या सगळ्यांच्या जागी एकच खोबण हवी होती. त्यामुळे यूएसबीची सगळी मापं टेबलाची आहेत. ५ व्होल्ट वीज, यूएसबी २.० ला ५ मीटरची केबल, आणि प्लग जागेवर धरून ठेवायला फक्त घट्टपणा. भोसरीतल्या प्रेसशॉपमध्ये किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीत तेच टेबल आपण यंत्राशेजारी नेऊन ठेवलं आहे.

आधी विजेचं बघू, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो. हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर त्यातले १०० तो स्वतःसाठी धरतो, आणि उरलेल्या ४०० मध्ये चार पोर्टांना प्रत्येकी १०० येतात. माऊसला ते पुरतं. पण बारकोड स्कॅनर ट्रिगर दाबल्यावर त्याच्या कितीतरी पट वीज खेचू शकतो. मग स्कॅनर लुकलुकतो, हब बसतो, आणि शेजारच्या पोर्टवरचा वजनकाटाही गायब होतो. दोष स्कॅनरच्या माथी जातो.

दुसरी गळती केबलमध्ये आहे, आणि तिचा हिशेब कागदावर करता येतो. स्वस्त केबलमध्ये विजेच्या तारा बहुधा २८ गेजच्या असतात. अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. केबल ३ मीटरची असेल तर जायला ३ आणि यायला ३, मिळून ६ मीटर तार, म्हणजे सुमारे १.२८ ओहम. त्यातून अर्धा अँपिअर गेला की ०.६४ व्होल्ट वाटेतच खर्च. ५ व्होल्ट निघाले, पोचले ४.३६. बरीच उपकरणं इथे रडायला लागतात. तीच केबल २४ गेजची घेतली तर तूट पाव व्होल्टवर येते. केबलच्या अंगावर बारीक अक्षरात गेज छापलेला असतो. बहुधा दोन आकडे असतात, एक माहितीच्या तारांचा आणि दुसरा विजेच्या तारांचा. दुसरा बघा. आकडा जितका लहान, तितकी तार जाड. हे वाचायला पैसे पडत नाहीत.

कारखान्यासाठी बनवलेल्या हबला म्हणूनच स्क्रू टर्मिनल असतं आणि तो पॅनेलच्या २४ व्होल्ट डीसीवर चालतो. प्रत्येक पोर्टला पूर्ण वीज मिळते. चांगल्या हबमध्ये प्रत्येक पोर्टचं संरक्षणही वेगळं असतं. एका पोर्टवर शॉर्ट झालं तर तेवढाच पोर्ट बंद पडतो, बाकीचे चालू राहतात. माहितीपत्रकात हे ‘प्रत्येक पोर्टला स्वतंत्र’ असं लिहिलं आहे की सगळ्यांना मिळून एकच फ्यूज आहे, ते विचारून घ्या. विकणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर त्यावरूनही काय ते समजतं.

आता खरा मुद्दा, अर्थिंग आणि विद्युत गोंगाट. इथे मी जरा थांबणार आहे.

समजा, संगणक सुपरवायझरच्या केबिनमधल्या प्लगवर आहे आणि मोजमाप करणारं यंत्र शॉप फ्लोअरवरच्या दुसऱ्या पॅनेलवर. दोघांना अर्थिंग आहे, पण वेगवेगळ्या वाटांनी. कागदावर दोन्ही अर्थ शून्य व्होल्ट. प्रत्यक्षात त्या दोघांत एक-दोन व्होल्टांचा फरक सहज असू शकतो, आणि वेल्डिंग मशीन चालू झालं की तो क्षणभर बराच वाढतो. यूएसबी केबलमध्ये ग्राउंडची तार आणि वरची जाळी दोन्ही असतात. म्हणजे केबल लावली की आपण ही दोन टोकं स्वतःच्या हाताने जोडली. मग जो प्रवाह जमिनीतून जायचा, तो या बारीक केबलमधून वाहायला लागतो. ४८० मेगाबिटच्या यूएसबीत माहितीचा संकेत असतो सुमारे ४०० मिलीव्होल्टचा, आणि ग्राउंडच व्होल्टभराने हलतोय. शेजारून मोटरच्या ड्राइव्हची केबल जात असेल किंवा कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून ठिणगीसारखा झटका येत असेल, तर विचारूच नका.

मग हब काय करतो? थोडा गोंगाट असेल तर चुकलेला संदेश पुन्हा पाठवला जातो, तुम्हाला कळतही नाही. जास्त झाला तर हब तो पोर्टच बंद करतो. लिनक्सच्या गाभ्यात या प्रसंगासाठी एक संदेश लिहून ठेवलेला आहे. त्याचा अर्थ असा, की हबने पोर्ट बंद केला, कारण विद्युतचुंबकीय गोंगाट असावा, पुन्हा चालू करतो आहे. गोंगाटापुढे चक्क प्रश्नचिन्ह आहे. प्रोग्रॅमरलाही खात्री देता आलेली नाही, आणि मला ते प्रश्नचिन्ह फार प्रामाणिक वाटतं.

विंडोजवर तुम्हाला फक्त तुटल्याचा आणि जोडल्याचा आवाज येतो. सेकंदाचं काम. पण मोजमापाचं सॉफ्टवेअर जुनाच पोर्ट धरून बसलेलं असतं. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो, आणि ऑपरेटर तो पुढच्या नगासाठी लिहून घेतो. इथे नुकसान हबच्या किमतीत मोजायचं नसतं. अख्खी बॅच परत येते, आणि ‘नीट मोजलं का नाहीस’ हे ऐकून घ्यावं लागतं त्या पोराला, ज्याचा यात काही दोष नाही.

यावरचा उपाय म्हणजे विद्युत अलगीकरण. हबमध्ये संगणकाची बाजू आणि उपकरणांची बाजू यांच्यात तांब्याचा संबंधच ठेवायचा नाही. माहिती प्रकाशाने, चुंबकीय जोडणीने किंवा सूक्ष्म धारित्रातून पलीकडे जाते, वीज जात नाही. पण बाजारात इथेच गफलत होते. खोक्यावर ‘१५ किलोव्होल्ट संरक्षण’ असं ठळक छापलेलं असतं आणि घेणाऱ्याला तेच अलगीकरण वाटतं. तो आकडा बहुधा स्थिर विजेचा असतो, म्हणजे माणसाच्या बोटातून उडणाऱ्या, काही नॅनोसेकंद टिकणाऱ्या ठिणगीचा. ते संरक्षण हवंच, पण दोन अर्थिंगमधल्या फरकावर त्याचा काही उपयोग नाही. हबला २४ व्होल्ट दिले म्हणजे अलगीकरण झालं, असंही नाही. पॅनेलमधल्या २४ व्होल्टचा ऋण बहुतेक ठिकाणी अर्थला बांधलेला असतो. हबमधला कन्व्हर्टर साधा असेल तर संगणकाचा ग्राउंड आता थेट पॅनेलला जोडला जातो. म्हणजे खर्च करून अडचण वाढवली.

आणखी एक बारकावा. अलगीकरण असलेल्या बऱ्याच हबमध्ये ते फक्त संगणकाच्या बाजूला असतं, खालचे सगळे पोर्ट आपसात जोडलेले राहतात. तुमची दोन उपकरणं दोन वेगळ्या यंत्रांवर असतील तर त्या दोन यंत्रांचा फरक आता हबमधून वाहणार. अशा वेळी प्रत्येक यंत्राला वेगळा हब किंवा वेगळा आयसोलेटर हवा. स्कॅनर, वजनकाटा, डिजिटल व्हर्नियर यांना १२ मेगाबिटचा आयसोलेटर पुरतो आणि तो स्वस्तही पडतो. ४८० चा कॅमेऱ्यासाठी घ्या.

हे दुकानात जाण्याआधी तपासता येतं. यूएसबी केबल काढून ठेवा आणि वायरमनला संगणकाच्या लोखंडी अंगापासून यंत्राच्या अंगापर्यंत एसी व्होल्ट मोजायला सांगा. आधी यंत्र बंद असताना, मग चालू असताना, मग शेजारचं वेल्डिंग चालू असताना. मोजमाप त्यानेच करावं, आपण हौसेने करू नये. आकडा व्होल्टच्या घरात गेला तर अलगीकरण लागणार. अर्धा-पाऊण मिलीव्होल्ट दिसला तर ते पैसे वाचवा आणि जाड केबल घ्या. आकडा फारच मोठा आला तर हब विसरा, आधी अर्थिंग दुरुस्त करा. तिथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे.

कवचाबद्दल थोडक्यात. डिन रेलवर बसणारे बरेच हब आयपी ३० असतात, म्हणजे अडीच मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू आत जाणार नाही, पाण्यापासून संरक्षण शून्य. ते पॅनेलच्या आतच हवेत. आयपी ६७ म्हणजे धूळबंद आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारा, पण रिकाम्या पोर्टांची झाकणं लावलेली असतील तरच. झाकण हरवलं की ६७ कागदावर राहिलं. तापमानाचं म्हणाल तर साधा हब साधारण ४० अंशांपर्यंतचा. लखनौत काय किंवा नागपुरात काय, मे महिन्यात बाहेर ४५ असताना बंद पॅनेलमध्ये ५५ सहज होतात.

प्लगचं कुलूप मात्र विसरू नका. टाइप-ए प्लग १,५०० वेळा काढण्या-घालण्यासाठी बनतो. दिवसात चार वेळा काढला-घातला तर वर्षभरात आयुष्य संपलं, आणि थरथरणाऱ्या यंत्रावर तो त्याआधीच सैल होतो. म्हणून स्क्रूने बसणारी केबल आणि तिला जुळणारा हब.

आता जरा विक्रेत्यांच्या पोटावर पाय. अंतर ५ मीटरहून जास्त असेल तर हबला हब जोडत जाऊ नका. मानकानुसार एकामागे एक पाच हब चालतात खरे, पण प्रत्येक सांधा हा बिघाडाचा नवा पत्ता आहे. उपकरणाला इथरनेट असेल तर ते वापरा, १०० मीटर निर्धास्त जाल. वजनकाट्याला आरएस-४८५ असेल तर १,२०० मीटरपर्यंतही जाता येतं, वेग कमी ठेवून. यूएसबी फक्त शेवटच्या हातभर अंतरासाठी ठेवावं, या मताचा मी आहे.

पोर्ट वाढले की दारंही वाढतात, हेही ध्यानात घ्या. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट पेन ड्राइव्हवरूनही पसरत होता, आणि त्याचं लक्ष्य इराणच्या नतान्झमधली सेंट्रिफ्यूज यंत्रं होती, जी इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. संरक्षण सामग्रीच्या स्टॉलवर उघडा हब म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आमंत्रण, आणि रात्रपाळीत मोबाइल चार्ज करायला हबच सापडतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. रिकाम्या पोर्टांत किल्लीने निघणारी बुचं मिळतात, ती बसवा. चार्जिंगसाठी बाजूला साधा प्लग द्या, म्हणजे बुचं टिकतील.

हब बसवला की शेवटी प्रत्येक पोर्टला चिठ्ठी लावा: स्कॅनर, काटा, व्हर्नियर. हे टापटिपीसाठी नाही. यूएसबीवरून सीरियल पोर्ट देणाऱ्या ज्या उपकरणांत स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यांना विंडोज खोबणीवरून ओळखतं. साफसफाई करताना कुणी काट्याची केबल शेजारच्या पोर्टात घातली, तर कॉम ३ चा कॉम ७ होतो, आणि सॉफ्टवेअर कॉम ३ वर वाट बघत बसतं. चिठ्ठीवर तो कॉम क्रमांकही लिहा, पक्क्या शाईने, कारण तेलकट हातांनी साधं पेन महिनाभरात पुसलं जातं.