संकष्टीचा चंद्र आणि सातवीचा भूगोल

‘राहू दे आई, तुला नाही समजणार!’ सातवीतली लेक भूगोलाचं पुस्तक घेऊन बाबांकडे वळली आणि माझी पोळी तव्यावर करपली. प्रश्न होता, चंद्र रोज उशिरा का उगवतो? बाबांनाही सांगता आलं नाही, ते सोडा. पण मला ते वाक्य बोचलं. शाळेत सूर्यमाला पाठ करून मार्क मिळवले होते, कळलं होतं थोडंच!

त्या दिवशी नेमकी संकष्टी. मुंबईहून बहिणीचा फोन. ‘निघाला पण तुमच्याकडे? आमच्याकडे अजून पंचवीस मिनिटं आहेत गं!’ मैत्रिणींनो, कॅलेंडरमधल्या गावोगावच्या वेळा बघून आपण वर्षानुवर्षं उपास सोडतो. त्या वेगळ्या का, हे विचारलंय कधी? रात्री सगळे झोपल्यावर लेकीचंच पुस्तक घेऊन बसले. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. नागपूर मुंबईच्या पूर्वेला. म्हणून चंद्र आपल्याला आधी दिसतो. इतकं सोपं!

दुसऱ्या दिवशी खोलीत अंधार करून एकच बल्ब लावला. तो सूर्य. लेकीच्या हातात संत्रं दिलं, तो चंद्र. तिचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब, थोडा उंच धरून ती जागेवरच हळूहळू फिरली. बल्बकडे तोंड केलं तर संत्र्याची काळोखी बाजू समोर, अमावस्या. पाठ केली तर अख्खं संत्रं उजळलं, पौर्णिमा. मधे कोर, मग अर्धा चंद्र. ‘म्हणजे पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र लहान-मोठा होत नाही?’ नाही बाई, ती सावली फक्त चंद्रग्रहणात.

आणि उशिराचं कारण? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र आपल्या वाटेवर पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला साधारण ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं. म्हणूनच पौर्णिमेला दिवेलागणीला येणारा चंद्र संकष्टीला आपल्याला नऊ-साडेनऊपर्यंत ताटकळत ठेवतो.

मग आम्हा दोघींना नादच लागला. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण बघून आलो. संध्याकाळी दिसणारी ‘शुक्राची चांदणी’ चांदणी नसून ग्रह आहे, हे शेजारच्या काकूंना लेकीनंच सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘मग उन्हाळ्यात सूर्य जवळ येते म्हणून आपलं नागपूर तापते, हे तरी खरं ना?’ तेही नाही! पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीत, आपण स्वेटर घालतो तेव्हा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो, किरणं सरळ पडतात आणि दिवसही मोठा असतो.

२६ मेच्या सुमाराला दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तर नागपुरात तो अगदी बरोब्बर माथ्यावर येतो. त्या दिवशी आम्ही गच्चीत स्टीलचा पेला उपडा ठेवला. सावली आखडत आखडत पेल्याखालीच गडप झाली. पाय भाजत होते, पण लेक हलेना. म्हणाली, ‘आई, आठवीचं पुस्तक आलं की आधी तू वाच. मग मला सांग.’

तेव्हा येत्या संकष्टीला चंद्राची वाट बघताना मुलांनाही गच्चीवर न्या. मोदकासोबत एक संत्रंही असू द्या!